हिपॅटायटिस बी लस आणि एचआयव्ही : दोन विषाणूंचा जोडइतिहास

अभियांत्रिकीच्या अनेक अभ्यासक्रमांत आता जीवशास्त्राचा एक छोटा विषय असतो. त्यात लशींचा भाग येतो तेव्हा हिपॅटायटिस बी लशीचे वर्णन बहुधा एका वाक्यात आटोपते : यीस्टमध्ये बनवलेली, तीन डोसांची, नव्वद टक्क्यांहून अधिक परिणामकारक. वाक्य बरोबर आहे. पण हा नव्वद टक्क्यांचा आकडा कोठून आला, कोणी स्वतःचा दंड पुढे केला म्हणून तो मिळाला आणि कोणाला तो लागू पडत नाही, हे त्या वाक्यात येत नाही. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की प्रत्येक वळणावर दुसरा एक विषाणू भेटतो, तो म्हणजे एचआयव्ही. म्हणून या टिपणात दोघांचा इतिहास एकत्र पाहू.

१. ऑस्ट्रेलिया प्रतिजन

हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू आहे. तो रक्तातून, लैंगिक संबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. निरोगी प्रौढाला त्याची लागण झाली, तर बहुतेक वेळा शरीर काही महिन्यांत त्याला हटवते. शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी प्रौढांत तो कायमचा राहतो. तान्ह्या बाळांत मात्र उलट घडते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बहुतेक बाळांत तो मुक्काम ठोकतो आणि पुढे काही दशकांनी यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो.

या विषाणूचा शोध तो शोधायला निघालेल्या माणसाने लावला नाही. बरूक ब्लूमबर्ग हे अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत अनुवंशिक फरक कसे असतात याचा अभ्यास करत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ मध्ये त्यांनी व हार्वे ऑल्टर यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने प्रसिद्ध केले. ते कावीळ आणणाऱ्या एका विषाणूचे बाह्य कवच आहे, हे पुढच्या तीन-चार वर्षांत स्पष्ट झाले. १९७० मध्ये लंडनच्या डेव्हिड डेन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण विषाणू दिसला. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रयोगशाळेच्या अहवालावर आपण ‘एचबीएसएजी’ ही अक्षरे वाचतो, ती याच प्रतिजनाची.

२. रक्तापासून लस

हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. मग लस कशाची करायची? ब्लूमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये सुचवलेला मार्ग असा होता : ज्यांच्या शरीरात विषाणू कायम आहे त्यांच्या रक्तात या कवचाचे रिकामे कण अमाप असतात. ते वेगळे काढावेत आणि त्यांचीच लस करावी.

याच काळात न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या संस्थेत सॉल क्रुगमन यांनी मतिमंद मुलांवर प्रयोग केले. बाधित रक्तजल पाण्यात मिसळून एक मिनिट उकळले, तर ते रोग देत नाही आणि काही प्रमाणात संरक्षण देते, असे त्यांना आढळले. निष्कर्ष महत्त्वाचा होता. पण त्या संस्थेतील मुलांना आधीच्या प्रयोगांत मुद्दाम कावीळ दिली गेली होती, म्हणून विलोब्रुकचे नाव आज वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकांत इशारा म्हणून येते.

औद्योगिक लस केली ती मर्क कंपनीतील मॉरिस हिलमन यांनी. बाधित व्यक्तींच्या रक्तद्रवावर, म्हणजे प्लाझ्मावर, पेप्सिन, युरिया आणि फॉर्माल्डिहाइड अशा तीन रसायनांची प्रक्रिया करून त्यांनी प्रतिजन शुद्ध केले. रक्तात आणखी कोणता जिवंत विषाणू असेल तर तो या तीन पायऱ्यांत नष्ट व्हावा, हा हेतू होता. आज आपण याला सुरक्षेचे अनेक थर म्हणू. ही खबरदारी किती मोलाची होती, ते पुढे कळले.

३. न्यूयॉर्कची चाचणी

लस परिणामकारक आहे हे सिद्ध करायचे तर ज्या समाजात लागण वारंवार होते, तेथे चाचणी घ्यावी लागते. न्यूयॉर्क ब्लड सेंटरचे साथरोगतज्ज्ञ वुल्फ श्मुनेस यांनी शहरातील समलिंगी पुरुषांची निवड केली, कारण त्यांच्यात हिपॅटायटिस बी चे प्रमाण फार मोठे होते. त्या काळी समलिंगी असल्याचे उघड होणे म्हणजे नोकरी आणि घर दोन्ही गमावण्याची भीती. तरीही १०८३ पुरुष स्वखुशीने पुढे आले. विलोब्रुकमधील मुलांना कोणी विचारले नव्हते. येथे माणसांनी समजून-उमजून होकार दिला होता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत एका गटाला लस आणि दुसऱ्याला औषधी गुण नसलेले इंजेक्शन दिले गेले. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि देणाऱ्यालाही नाही. निकाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत लस घेतलेल्यांपैकी ७७ टक्के लोकांत भरपूर प्रतिपिंडे तयार झाली होती. शेवटच्या डोसानंतर हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. लागण होण्याचे प्रमाण ९२.३ टक्क्यांपर्यंत घटले. पाठ्यपुस्तकातील ‘नव्वद टक्क्यांहून अधिक’ या शब्दांचा उगम असा आहे.

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लशीला परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी श्मुनेस वारले.

४. एड्स आणि संशय

लशीला परवानगी मिळाली त्याच वर्षी, जून १९८१ मध्ये, लॉस एंजेलिसमधील पाच समलिंगी तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. काही महिन्यांतच लोकांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. लशीचा कच्चा माल असलेला प्लाझ्मा प्रामुख्याने समलिंगी पुरुष आणि सुईने नशा करणाऱ्या बाधित व्यक्तींकडून आलेला होता. एड्स दिसत होता तोही याच गटांत. मग लशीतून एड्स येत असेल का?

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. एचआयव्ही १९८३ मध्ये सापडला आणि त्याची रक्तचाचणी १९८५ मध्ये बाजारात आली. तोपर्यंत कोणालाही खात्रीने उत्तर देता येत नव्हते. डॉक्टर आणि परिचारिका यांना लशीची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यातलेही अनेकजण लस घ्यायला कचरू लागले. विषाणू हाती आल्यावर तपासणी झाली. हिलमन यांच्या तिन्ही पायऱ्यांतून एचआयव्ही जिवंत सुटत नाही, असे दिसले. लस घेतलेल्या लोकांत त्या लशीमुळे एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले नाही. १९८४ च्या अखेरीस अमेरिकी आरोग्य यंत्रणेने हे जाहीर केले.

तरीही ‘चाचणीनेच एड्स पसरवला’ ही अफवा मागे राहिली. तिचे उत्तर चाचणीच्याच शीतपेट्यांत होते. अभ्यासात भाग घेतलेल्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यांतील ३७८ पुरुषांचे १९७८-७९ मधील नमुने एचआयव्हीसाठी तपासले गेले, तेव्हा सुमारे साडेसहा टक्के आधीच बाधित निघाले. हा विषाणू चाचणीच्या वेळी शहरात अगोदरच पसरलेला होता. २०१६ मध्ये मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील हिपॅटायटिस बी अभ्यासांतले दोन हजारांहून अधिक जुने नमुने चाळले आणि आठ नमुन्यांतून एचआयव्हीचा जवळपास पूर्ण जनुकसंच मिळवला. त्यावरून हा विषाणू १९७० च्या सुमारास कॅरिबियन प्रदेशातून न्यूयॉर्कला आला असावा, असा निष्कर्ष निघाला. ‘पेशंट झीरो’ म्हणून ज्या एका माणसावर अनेक वर्षे ठपका ठेवला गेला, तो या साथीचा उगम नव्हता, हेही त्यातून दिसले.

म्हणजे अमेरिकेतील एचआयव्हीचा प्रारंभीचा इतिहास आपल्याला समजतो, तो हिपॅटायटिस बी लशीसाठी रक्त देणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. त्यांच्यातील अनेकजण पुढे एड्सने गेले.

५. तीच लस, वेगळे शरीर

१९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेल्या लशीला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि मानवी प्लाझ्माची गरज संपली. विल्यम रटर, पाब्लो वालेन्सुएला आणि बेंजामिन हॉल यांच्या कामावर ती आधारलेली होती. कवचाचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले की यीस्ट तेच प्रथिन तयार करते. जनुक अभियांत्रिकीतून आलेली ही माणसांसाठीची पहिली लस.

साधारण याच सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आले, की एचआयव्ही असलेल्या व्यक्तींत लशीचा परिणाम कमी होतो. कारण समजून घेऊ. लशीतील प्रथिन दिसले की प्रतिपिंडे बनवण्याचे काम ‘बी’ पेशी करतात, पण त्यांना ‘कामाला लागा’ असा इशारा मदतनीस ‘टी’ पेशींकडून मिळावा लागतो. या मदतनीस पेशींच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन असते आणि एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरून त्यांचा नाश करतो. इशारा देणारेच कमी झाले की प्रतिपिंडे कमी बनतात, आणि बनली तरी लवकर ओसरतात.

स्थापत्यशाखेच्या विद्यार्थ्यांना एक तुलना पटेल. काँक्रीटचा ठोकळा प्रयोगशाळेत २८ दिवस पाण्यात ठेवून मग दाबला की जी ताकद मिळते, ती त्या मिश्रणाची म्हणून आपण लिहून ठेवतो. साइटवर तेच मिश्रण ओतले, पण पाणी नीट मारले नाही, तर ती ताकद येत नाही. दोष मिश्रणाचा नसतो. लशीचा ९२ टक्क्यांचा आकडाही अशाच एका परिस्थितीतला आहे : ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती अशा बहुसंख्य पुरुषांचा.

संरक्षण आहे की नाही हे रक्तातील प्रतिपिंडांवरून ठरवतात. मिलिलिटरमागे १० मिली-इंटरनॅशनल युनिट ही किमान पातळी धरली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात एचआयव्ही असलेल्या ४३७ प्रौढांना वेगवेगळ्या पद्धतींनी लस दिली गेली. नेहमीचे तीन डोस घेतलेल्यांपैकी ६५ टक्के लोकांनीच ही पातळी गाठली. म्हणजे तीनपैकी एकजण लस घेऊनही उघडा राहिला.

६. बेरीज जुळत नाही

लस लागू पडली नाही तर बिघडते काय? एचआयव्ही असलेल्या प्रौढाला हिपॅटायटिस बी ची लागण झाली, तर ती कायमची राहण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. आणि दोन्ही विषाणू एकत्र राहिले तर काय होते, ते अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासाने दाखवले. १९८४ मध्ये चार शहरांत सुरू झालेल्या या अभ्यासातील ५२९३ पुरुषांची माहिती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. यकृताच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दर हजार व्यक्ती-वर्षांमागे असे होते :

- केवळ हिपॅटायटिस बी : ०.८
- केवळ एचआयव्ही : १.७
- दोन्ही : १४.२

पहिल्या दोन आकड्यांची बेरीज २.५ होते. प्रत्यक्षात आकडा १४.२ आला. दोन विषाणू एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना वाढवतात.

औषधांच्या बाबतीत मात्र हे नाते उपयोगी पडले. लॅमिव्हुडिन हे औषध १९९५ मध्ये एचआयव्हीसाठी आले आणि १९९८ मध्ये हिपॅटायटिस बी साठीही मंजूर झाले. पण हिपॅटायटिस बी विरुद्ध ते एकटेच दिले, तर विषाणू काही वर्षांत त्याला जुमानेनासा होतो. टेनोफोव्हिर आल्यावर ही अडचण दूर झाली. आज टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन असलेली एचआयव्हीची गोळी हिपॅटायटिस बी लाही आवरते. मात्र गोळी अचानक बंद केली, तर हिपॅटायटिस बी उसळून येऊ शकतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून रुग्णाला दोन्ही विषाणू आहेत की एकच, हे औषध सुरू करताना आणि बदलताना माहीत असलेच पाहिजे.

७. भारतातील चित्र

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने सेल्लप्पन निर्मला यांनी डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली गोळा केले होते. सोलोमन यांचे माहेर चेन्नईत स्थायिक झालेले मराठी गायतोंडे कुटुंब. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने एचआयव्ही रुग्णांसाठी केंद्र उभारले.

त्या वर्षी यीस्टची लस निघाली होती, पण भारतात ती सामान्यांच्या आवाक्यात नव्हती. परदेशातून येणाऱ्या लशीचा एक डोस शेकडो रुपयांना पडे. हे बदलले हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने. संस्थापक वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांच्या कंपनीने पिकिया पास्टोरिस या यीस्टवर काम करून १९९७ मध्ये पहिली स्वदेशी लस बाजारात आणली, ५० रुपयांना एक डोस. नंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतरांनीही ही लस बनवली आणि किंमत आणखी उतरली. औषधांतही असेच घडले. २००१ मध्ये सिपलाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरील तीन औषधांचे वर्षभराचे उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केले. तोवर त्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागत.

सरकारी कार्यक्रम मात्र दोन वेगळ्या रुळांवर धावले. हिपॅटायटिस बी लस २००२-०३ मध्ये काही जिल्ह्यांत व शहरांत बाळांसाठी सुरू झाली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. एचआयव्हीची मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. त्या सुरुवातीच्या औषधांत हिपॅटायटिस बी वर चालणारे लॅमिव्हुडिन हे एकच औषध होते. ज्याला दोन्ही विषाणू होते त्याच्या हिपॅटायटिस बी वर नकळत एकाच औषधाचा उपचार होत होता. पुढच्या दशकात टेनोफोव्हिर आले आणि ही फट बुजली.

लशीची फट अजून उरली आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतील बहुसंख्य प्रौढ आहेत. बाळांचा कार्यक्रम देशभर पोहोचण्याआधीच त्यांचा जन्म झालेला. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, ते वयामुळे कार्यक्रमाबाहेर राहिले. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी व औषधे मोफत मिळू लागली. २८ जुलै हा ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस, आणि म्हणूनच जागतिक हिपॅटायटिस दिनही.

येथे एक शंका येते. टेनोफोव्हिरची गोळी हिपॅटायटिस बी ला रोखत असेल, तर लस कशाला? गोळीचे संरक्षण गोळी चालू असेपर्यंतच. स्थलांतरित मजुराची गोळी गाव बदलताना खंडित होऊ शकते, मूत्रपिंडाच्या त्रासामुळे टेनोफोव्हिर बदलावे लागू शकते. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे त्या दिवसांतही रक्तात असतात.

८. आकडा वाढवता येतो

शरीर कमी प्रतिसाद देते म्हणून हात टेकायचे कारण नाही. वर उल्लेखलेल्या फ्रेंच अभ्यासात दुसऱ्या एका गटाला दुप्पट ताकदीचे चार डोस दिले, तेव्हा ६५ चे ८२ टक्के झाले. लस तीच, फक्त मात्रा आणि वेळापत्रक वेगळे. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका नव्या लशीत प्रतिकारशक्तीला अधिक जोरकस इशारा देणारा डीएनएचा कृत्रिम तुकडा सहायक म्हणून घातलेला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एचआयव्ही असलेल्या आणि जुन्या लशीला पूर्वी प्रतिसाद न दिलेल्या व्यक्तींना ती दिली गेली. दोन डोसांनंतर ९३.१ टक्के आणि तीन डोसांनंतर ९९.४ टक्के लोकांत संरक्षक प्रतिपिंडे दिसली. जुन्याच लशीचे तीन डोस पुन्हा घेतलेल्यांत हे प्रमाण ८०.६ टक्के होते.

या शेवटच्या आकड्याकडेही नीट पाहावे. एकदा अपयश आलेल्यांनाच जुनी, स्वस्त लस पुन्हा दिली, तरी पाचांतल्या चौघांना उपयोग झाला. नवी महाग लस हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. लस द्यावी, शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजावीत आणि कमी असतील तर पुन्हा द्यावी. यातील सर्वांत दुर्लक्षित पायरी मोजण्याची आहे. न मोजलेले संरक्षण हे गृहीतक असते.

समारोप

२०२० च्या सुमाराच्या अंदाजानुसार जगात सुमारे २७ लाख लोकांत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही आहेत. पन्नास वर्षांपूर्वी १०८३ पुरुषांनी समाजाचा रोष असताना दंड पुढे केला, म्हणून आज कोट्यवधी बाळांना ही लस मिळते. त्यांच्यापैकी ज्यांना पुढे एचआयव्हीने गाठले, त्यांच्यासारख्यांनाच ही लस सर्वांत कमी लागू पडते आणि सर्वांत उशिरा पोहोचते. हे देणे अजून फिटलेले नाही. ते फेडण्याची साधने, म्हणजे स्वस्त लस, वाढीव मात्रा आणि एक रक्तचाचणी, आपल्या देशात उपलब्ध आहेत.

विचारासाठी प्रश्न

१. ०.८, १.७ आणि १४.२ या आकड्यांवरून दोन धोके स्वतंत्र आहेत असे म्हणता येईल का? का नाही?

२. न्यूयॉर्कची चाचणी आणि विलोब्रुकचे प्रयोग यांत नैतिकदृष्ट्या कोणता मूलभूत फरक आहे?

३. तुमच्या शाखेतील एखादा मानक आकडा घ्या. तो कोणत्या परिस्थितीत मोजलेला आहे आणि प्रत्यक्ष वापरात कोठे लागू पडणार नाही, ते लिहा.